लॉगमध्ये नाव बाईंचं, आणि बाई रजेवर

प्रिंट सर्व्हरच्या (छपाईची कामं घेऊन प्रिंटरकडे पाठवणारा कॉम्प्युटर) लॉगमध्ये (त्याच्या नोंदवहीत) जे नाव दिसतं ना, ते नाव म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरने "मी अमुक" असं सांगितलेलं असतं आणि सर्व्हरने ते मुकाट्याने लिहून घेतलेलं असतं, बस, त्याच्या पलीकडे त्याला काही अर्थ नाही. ही गोष्ट मला माहीत होती पण आमच्या स्टाफला पटवायला एक नाटक व्हावं लागलं, म्हणजे अक्षरशः नाटक.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवते. शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी एकच व्यक्ती असली की वायफाय, प्रोजेक्टर, ऑफिसातला टॅली, हेडसरांचा मोबाईल, सगळं तिच्याच गळ्यात, तसा प्रिंटरही. तर जत्रांचा सीझन होता, गावागावात नाटकांच्या तालमी चालू, आणि एका सकाळी ऑफिसच्या लेझर प्रिंटरचा टोनर संपलेला आणि ट्रेमध्ये राहिलेलं शेवटचं पान म्हणजे कुठल्याशा तीन अंकी नाटकाच्या संहितेचं. एक प्रत नव्हे, प्रत्येक नटाला एक या हिशोबाने. लॉग काढला तर नाव एका बाईंचं, आणि त्या बाई त्या आठवड्यात रजेवर, घरात लग्न. स्टाफरूममधला तो विंडोजचा पीसी कधीकाळी त्यांच्या नावाने सेटअप केलेला होता आणि सगळे तोच लॉगिन वापरत होते, एवढंच. त्या रजेवर नसत्या तर? बोभाटा झाला असता आणि त्यांना स्वतःला निर्दोष ठरवायला काहीच साधन नव्हतं. संहिता कोणी छापली ते सगळ्यांना तसंही माहीत होतं (नाटक बरं झालं म्हणे), प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा की त्याच प्रिंटरवर सहामाहीचे पेपर छापतात.

म्हणून ठरवलं, छपाईला ओळख पाहिजे. हे सगळं कसं केलं ते सविस्तर लिहितेय कारण मराठीत हे कुठे सापडत नाही आणि इंग्रजीत जे सापडतं त्यातलं निम्मं जुनाट आहे. फाइलींची आणि सेटिंगांची नावं मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करा.

आमचा सर्व्हर म्हणजे लॅबमधून रिटायर झालेला एक डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर कप्स. कप्स म्हणजे लिनक्सवर आणि मॅकवर छपाई सांभाळणारी सिस्टीम, मायकल स्वीट या माणसाने १९९७ च्या सुमारास लिहायला घेतली, २००७ मध्ये ॲपलने विकत घेतली, आणि आता लिनक्सवाल्यांसाठी तिचं काम ओपनप्रिंटिंग या प्रकल्पात चालतं. इतकं वय असल्यामुळे नेटवर सल्ले पण त्या त्या वयाचे मिळतात. एखाद्या लेखात एलपीपासवर्ड नावाची कमांड किंवा ऑथटाइप डायजेस्ट दिसलं की तो लेख बंद करा, ते प्रकरण कधीचंच काढून टाकलंय. आता ओळख तपासायच्या पद्धती उरल्यात मुख्य दोन, बेसिक (साधं नाव आणि पासवर्ड) आणि निगोशिएट. निगोशिएट म्हणजे कर्बेरॉस, त्याला मागे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या युजरांची यादी ठेवणारी मध्यवर्ती व्यवस्था) वगैरे लागतं, मोठ्या कंपनीत ठीक. शाळा, पंचायत, सोसायटीचं ऑफिस, यांना बेसिक पुरे.

कप्सची गंमत अशी की ती बाय डिफॉल्ट प्रिंटर ॲड करायला, डिलीट करायला, पॉझ करायला पासवर्ड मागते पण प्रिंट मारायला मागत नाही. प्रिंट जॉब (छपाईचं एक काम) येतो तो आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलने, पोर्ट (मशीनचं नेटवर्कवरचं दार) ६३१ वर, आणि त्या रिक्वेस्टमध्ये रिक्वेस्टिंग युजर नेम नावाचं एक खानं असतं. त्यात क्लायंट (छापायला पाठवणारं मशीन) काय वाटेल ते भरू शकतो. एलपी कमांडला कॅपिटल यू देऊन कुणाचंही नाव लिहा, जॉब त्याच्या नावावर जमा. हेडसरांना दाखवायला मी त्यांच्याच नावाने एक पान मारलं, ऑफिसमध्ये त्यांच्यासमोर, त्यांचा लॅपटॉप बॅगेत असताना. त्यानंतर परवानगीचा प्रश्न आला नाही.

आणि हे नुसतं लॉगपुरतं नाही. कप्समध्ये कोटा लावता येतो, जॉब पेज लिमिट आणि जॉब कोटा पिरियड (सेकंदात द्यायचा, आठवड्याला ६०४८००), अमक्याच ग्रुपला हा प्रिंटर वापरू दे असंही सांगता येतं. पण हे सगळं त्या नावावरच चालतं. नाव तपासलेलं नसेल तर पोराने नाव बदललं की कोटा नवा. काही ठिकाणी कोटा लावून "कंट्रोल आहे आमच्याकडे" म्हणून बसलेले लोक बघितलेत, त्यांना हसावं की सांगावं कळत नाही.

करायचं काय तर ते फार छोटं आहे. कप्सडी डॉट कॉन्फ ही फाइल उघडली की खाली पॉलिसी (कोणाला काय करता येईल याचे नियम) नावाचे मोठे मोठे भाग दिसतात, एक डिफॉल्ट, एक ऑथेंटिकेटेड, एक कर्बेरॉस. लोक डिफॉल्ट पॉलिसीतच खाडाखोड करत बसतात आणि मग काय तोडलं ते कळत नाही. ऑथेंटिकेटेड पॉलिसी आयती लिहून ठेवलेली आहे, त्यात क्रिएट जॉब आणि प्रिंट जॉबच्या वर ऑथटाइप डिफॉल्ट (म्हणजे आधी ओळख तपास) ही ओळ आधीच आहे. आपण फक्त प्रिंटरला ती पॉलिसी लावायची, एलपीॲडमिन मायनस पी प्रिंटरचं नाव, मायनस ओ प्रिंटर-ओपी-पॉलिसी इज इक्वल टू ऑथेंटिकेटेड. किंवा ब्राउझरमधून प्रिंटरच्या पानावर सेट डिफॉल्ट ऑप्शन्स, मग पॉलिसीज, तिथे ऑपरेशन पॉलिसी. झालं. प्रत्येक प्रिंटरला वेगळी पॉलिसी देता येते हे बरं, ऑफिसच्या प्रिंटरला कडक आणि लॅबच्याला ढिली.

युजर कुठून येणार? कप्स पासवर्ड स्वतः ठेवत नाही, ती पॅमला (लिनक्समधली पासवर्ड तपासणारी व्यवस्था) विचारते, म्हणजे लिनक्सवरचे जे युजर तेच. मी स्टाफमधल्या प्रत्येकाचं खातं काढलं, होम फोल्डर नाही, शेल नोलॉगिन, म्हणजे छपाईसाठी पासवर्ड चालतो पण त्या खात्याने सर्व्हरवर आत शिरता येत नाही. इथे एक सल्ला नेटवर वारंवार दिसतो की युजरला एलपीॲडमिन ग्रुपमध्ये टाका म्हणजे काम होतं. काम होतं हो, पण मग तो युजर प्रिंटर डिलीट पण करू शकतो आणि दुसऱ्याचे जॉब पण. त्या ग्रुपमध्ये मी आणि ऑफिसमधला क्लार्क, संपलं. बाकीच्यांसाठी स्टाफ नावाचा साधा ग्रुप.

आता बेसिक. बेसिकमध्ये पासवर्ड बेस ६४ करून जातो आणि ते एन्क्रिप्शन नाही, ते उलटं करायला कुठलीही चावी लागत नाही, आमचा दहावीचा मुलगा सुद्धा वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं टूल) लावून वाचेल, आणि खरं सांगायचं तर दहावीचाच मुलगा वाचेल, शिक्षकांना वेळ कुठे. म्हणून टीएलएस (अख्खं कनेक्शनच एन्क्रिप्ट करणारी पद्धत) पाहिजेच. कप्सने हे नीट ठेवलंय, पासवर्ड मागायची वेळ आली की ती डिफॉल्टने एन्क्रिप्शन रिक्वायर्ड धरते आणि साध्या कनेक्शनला ४२६ नंबरचा एरर देते. पण मग ब्राउझर सर्टिफिकेटवरून (सर्व्हरच्या ओळखपत्रावरून) बोंब मारतो, विंडोज जोडत नाही, आणि माणूस वैतागून नेटवर शोधतो, तिथे उत्तर मिळतं "डिफॉल्ट एन्क्रिप्शन नेव्हर लिहा, चालेल". चालतं! पासवर्ड मागितला जातो, प्रिंट येते, सगळे खूश, आणि पासवर्ड वायरीवरून उघडा फिरतोय. याच्यापेक्षा पासवर्ड नसलेला बरा, निदान लोकांना तिथे आपला नेहमीचा पासवर्ड टाकायची वेळ येत नाही. मागितला की टाकतातच लोक, बँकेचा ईमेलचा सगळ्याचा एकच असतो, त्यामुळे मी पासवर्ड स्वतः बनवून दिले आणि बदलायला दिले नाहीत. हे पुस्तकाप्रमाणे नाही, माहीत आहे.

सर्टिफिकेटवर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. कप्स पहिल्या टीएलएस कनेक्शनला स्वतःच एक सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट बनवते, ईटीसी मधल्या कप्सच्या एसएसएल फोल्डरात ठेवते. एन्क्रिप्शन त्यानेही होतं, पण समोर खरा सर्व्हर आहे की कुणाचा लॅपटॉप हे क्लायंटला कळत नाही, आणि मग युजरला "तरी पुढे जा" दाबायची सवय लागते. आमच्यासारख्या ठिकाणी मशीनी मोजक्या, त्यामुळे मी स्वतःचं एक छोटं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या सहीवर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात ते) बनवलं, त्याने सर्व्हरचं साइन केलं, आणि रूट प्रत्येक मशीनवर एकदाच बसवलं. सर्व्हरचं नाव ठेवलं छापखाना, राउटरमध्ये ते नाव त्याच्या आयपीला बांधलं. दोन फाइली, नावाला सीआरटी आणि के-ई-वाय, त्याच फोल्डरात ठेवायच्या, नाव सर्व्हरच्या नावासारखंच पाहिजे, नाहीतर कप्स गुपचूप आपलं नवं बनवून तेच वापरते आणि तुम्ही डोकं धरून बसता. सर्टिफिकेटमध्ये नाव सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये टाका, नुसतं कॉमन नेम आता चालत नाही. आणि प्रिंटर जोडताना सगळीकडे नावानेच जोडा, आयपीने जोडलं की नाव जुळत नाही आणि परत तीच बोंब. रूटची खाजगी चावी सर्व्हरवर ठेवू नका. माझी एका पेनड्राइव्हवर आहे, तो पेनड्राइव्ह परीक्षेच्या कपाटात.

नावाने जोडलं आणि ४०० बॅड रिक्वेस्ट आलं तर घाबरू नका, कप्स अनोळखी होस्टनेमने आलेली रिक्वेस्ट घेत नाही, तिला सर्व्हरएलियस या ओळीत ते नाव सांगावं लागतं. नेटवर तिथे स्टार लिहा सांगतात. स्टार नको, नाव लिहा, ते संरक्षण एका खऱ्या हल्ल्यासाठी ठेवलेलं आहे. बाकी एररची भाषा सोपी आहे: ४०१ म्हणजे कोण तू, ४०३ म्हणजे कोणही असलास तरी इथे नाही, ४२६ म्हणजे आधी टीएलएसवर ये मग बोलू. फाइल बदलली की रीस्टार्टच्या आधी कप्सडी मायनस टी चालवा, चूक असली तर ओळ सांगते. आणि काहीच कळत नसेल तर लॉग लेव्हल डीबग करून एरर लॉग बघा, कोण कशाने ऑथराइज झालं ते लिहिलेलं असतं, पासवर्ड चुकला असेल तर पॅम ऑथेंटिकेटने ७ परत दिलं असं येतं. बघून झालं की डीबग बंद करा, फाइल भराभर फुगते.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं तर मी इथेच थांबू शकले असते, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात, पण इथे थांबणं म्हणजे पुढच्या दाराला नवं कोरं कुलूप घालून परसदार सताड उघडं ठेवणं. कारण प्रिंटर स्वतः नेटवर्कवर बसलेला आहे. त्याचं पोर्ट ९१०० उघडं असतं, त्यावर जे येईल ते तो छापतो, नाव विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही, विचारायची सोयच त्या पद्धतीत नाही. ५१५ वर एलपीडी ही जुनी छपाईची पद्धत, तेही तसंच. ज्याने एकदा प्रिंटरचा आयपी बघितला (प्रिंटरच स्वतःच्या माहितीच्या पानावर छापून देतो) तो तुमचा सर्व्हर, पॉलिसी, सर्टिफिकेट सगळं ओलांडून थेट छापतो आणि लॉगमध्ये काहीही येत नाही. चुकीचं नाव सुद्धा नाही.

यावर महागडा उपाय म्हणजे व्हीलॅन (त्याच वायरींवर वेगळं केलेलं नेटवर्क) आणि मॅनेज्ड स्विच. प्रिंटरमध्ये ॲक्सेस लिस्ट असेल तर त्यात फक्त सर्व्हरचा आयपी टाकणं हाही चांगला. आमच्या प्रिंटरमध्ये ती नाही आणि स्विचला बजेट नाही. मग सर्व्हरमध्ये दुसरं लॅन कार्ड टाकलं, साधं, आणि प्रिंटरची वायर स्विचमधून काढून थेट त्या कार्डात. दोघांचं स्वतःचं वेगळं दोन आयपींचं नेटवर्क, सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कवरचं दुसऱ्यावर पाठवणं) बंद, त्यामुळे शाळेच्या नेटवर्कवरून प्रिंटर दिसतच नाही. या अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट हीच होती असं माझं मत आहे, पॉलिसी आणि सर्टिफिकेटपेक्षाही. वायर लावून झाली की लॅबमधल्या मशीनवरून एनमॅप (कुठली पोर्टं उघडी आहेत ते दाखवणारं टूल) चालवून ९१००, ५१५ तपासा, स्वतःच्या डोळ्यांनी.

आणि प्रिंटरचं वायफाय डायरेक्ट बंद करा! वायर काढली तरी प्रिंटर स्वतःचं वायफाय सोडत बसलेला असतो, बऱ्याच मॉडेलांत त्याचा पासवर्ड १२३४५६७८ असतो. प्रिंटरच्या स्वतःच्या वेब पानाला ॲडमिन पासवर्ड घालणं हे तर आलंच. यूएसबीचं तोंड पुढच्या बाजूला असेल आणि पेनड्राइव्हवरून छापायची सोय असेल तर तीही मेनूतून बंद.

कप्स-ब्राउज्ड नावाची एक वेगळी सर्व्हिस असते, नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून जोडणारी. ती सर्व्हरवर नको. २६ सप्टेंबर २०२४ ला सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने दाखवून दिलं की ती यूडीपी ६३१ वर कुणाचंही ऐकते, बाहेरच्याने एक पॅकेट पाठवलं की खोटा प्रिंटर जोडला जातो आणि त्यावर कोणी प्रिंट मारली की हल्लेखोराची कमांड सर्व्हरवर चालते. चार सीव्हीई (सुरक्षेतल्या त्रुटींना दिले जाणारे नंबर) निघाले त्यावर. अपडेट आलेत, पण ज्या मशीनवर प्रिंटर हाताने जोडलेले आहेत तिथे ही सर्व्हिस मुळात हवीच कशाला, सिस्टीमसीटीएलने डिसेबल करून टाकली. ६३१ चं टीसीपी फायरवॉलमध्ये फक्त शाळेच्या नेटवर्कला उघडं, राउटरवरून बाहेर तर कधीच नाही.

क्लायंटची बाजू. लॅबमधल्या लिनक्स मशीनी सोप्या, प्रिंटर आयपीपीएस (आयपीपीच, पण टीएलएससकट) ने सुरू होणाऱ्या पत्त्याने जोडायचा, आणि ऑथ-इन्फो-रिक्वायर्ड मध्ये युजरनेम, पासवर्ड असं सांगायचं, नाहीतर जॉब "हेल्ड फॉर ऑथेंटिकेशन" म्हणून रांगेत बसून राहतो आणि कोणालाही काही विचारत नाही. क्लार्कची पहिली तक्रार हीच, "टीचर, कागद भायर येना!" आणि दुरुस्त केल्यावर दुसरी, "आतां प्रिंटाक लेगीत पासवर्ड?" (आता प्रिंटलासुद्धा पासवर्ड?) प्रिंटच्या खिडकीत रिमेंबर पासवर्डचा चौकोन असतो, तो टिक करू नका हे सांगून सांगून घसा बसला.

विंडोज म्हणजे कटकट. इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट हे फीचर चालू करावं लागतं, रूट सर्टिफिकेट लोकल मशीनच्या ट्रस्टेड रूटमध्ये घालावं लागतं (युजरच्या नव्हे, मशीनच्या, इथे सगळे फसतात), मग एचटीटीपीएस, छापखाना, ६३१, प्रिंटर्स, आणि प्रिंटरचं नाव असा पत्ता हाताने टाइप करायचा. पोर्टच्या सेटिंगमध्ये कुठलं खातं वापरायचं ते देता येतं. आणि खरी मेख तिथेच आहे. तिथे पासवर्ड साठवला आणि सगळे एकाच विंडोज लॉगिनने बसले तर आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत आलो, फक्त आता ज्याचं नाव येईल त्याच्या विरुद्ध पुरावा पक्का वाटेल, म्हणजे आधीपेक्षा वाईट. म्हणून स्टाफरूममधल्या पीसींवर प्रत्येकाचं वेगळं विंडोज लॉगिन काढलं. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली. "घरचेच सगळे, एकमेकांवर विश्वास नाही का" हे मला स्टाफरूममध्ये, वाटेत, आणि एका मुंजीत सुद्धा ऐकवण्यात आलं. मी एकच सांगत राहिले की हे चोर पकडायला नाही, ज्याने छापलं नाही त्याचं नाव येऊ नये म्हणून आहे. रजेवरच्या बाईंनी माझी बाजू घेतली आणि त्या बोलल्यावर बाकीचे गप्प झाले, सिनियर आहेत.

प्रश्नपत्रिकांबद्दल वेगळं लिहायला हवं. ऑथेंटिकेशन लावलं म्हणजे पेपर सुरक्षित झाला असं नाही. पहिली गोष्ट, जॉबचं नाव. वर्डमधून छापलं की फाइलचं नाव रांगेत दिसतं, "नववी विज्ञान सहामाही सेट ब" वगैरे. कप्स दुसऱ्यांचे जॉब बघताना नाव आणि मालक झाकून ठेवते, पण आमच्या फाइलमध्ये पूर्वी कुणीतरी सोयीसाठी जॉब प्रायव्हेट व्हॅल्यूज नन (म्हणजे काहीच झाकू नको) करून ठेवलं होतं. ते काढलं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: छापून झालं तरी कप्स फाइल लगेच पुसत नाही, डिफॉल्टने एक दिवस ठेवते, व्हार स्पूल कप्स या फोल्डरात, आणि तेवढ्या काळात वेब पानावरून रीप्रिंट जॉब दाबून ती परत छापता येते. प्रिझर्व्ह जॉब फाइल्स नो केलं. कुणाचा कागद अडकला तर त्याला परत पाठवावं लागतं, आणि पावसाळ्यात इथे कागद दमट होऊन अडकतोच, पण ते चालेल. जॉबचा इतिहास, म्हणजे कोणी कधी काय आकाराचं, तो मात्र ठेवलाय, ती वेगळी सेटिंग आहे.

तिसरं म्हणजे ट्रेमध्ये पडून राहणारा कागद. मोठ्या ऑफिसांत कार्ड टॅप केल्यावरच छापणारे प्रिंटर असतात. आम्ही गरिबांनी काय केलं तर पेपरसाठी त्याच प्रिंटरची दुसरी एक रांग बनवली आणि तिला जॉब-होल्ड-अंटिल-डिफॉल्ट इनडेफिनिट (सांगेपर्यंत थांबवून ठेव) दिलं. जॉब येतो आणि थांबून राहतो. शिक्षक ऑफिसमध्ये येतो, तिथल्या मशीनवर छापखान्याचं पान उघडतो, स्वतःचा पासवर्ड टाकून स्वतःचा जॉब रिलीज करतो आणि कागद हातात घेऊनच बाहेर पडतो. एक पैसा खर्च नाही. ही रांग लॅबच्या मशीनींना दिसत नाही, फक्त स्टाफ ग्रुपला परवानगी. पान कोणत्या वेळी कोणी छापलं यासाठी पेज लॉग फॉरमॅट मध्ये स्वतः काहीतरी लिहावं लागतं, नव्या कप्समध्ये ते रिकामं असतं आणि रिकामं म्हणजे पेज लॉग बंद, हे लक्षात ठेवा, नंतर फाइल शोधत बसाल.

लाइट. हे कुठल्याच इंग्रजी लेखात नसतं. जून ते सप्टेंबर इथे लाइट जाते येते, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि जुन्या डेस्कटॉपांच्या मदरबोर्डावरचा सेल सुद्धा मेलेला. लाइट येते, मशीन चालू होते, घड्याळ कुठल्यातरी मागच्या सालात, इंटरनेट अजून आलेलं नाही म्हणून वेळ जुळत नाही, आणि सर्टिफिकेट "अजून लागूच झालेलं नाही" म्हणून टीएलएस नकार देतं. युजरला दिसतं काय, तर कनेक्ट होत नाही. एकदा कळलं की हसू येतं, कळेपर्यंत नाही. सगळ्या मशीनींचे सीआर २०३२ सेल बदलले, आणि छापखान्यालाच टाइम सर्व्हर केलं म्हणजे इंटरनेट नसलं तरी बाकीच्या मशीनी त्याला वेळ विचारतात. दुसरं असं की लाइट आल्यावर सर्व्हर राउटरच्या आधी उठतो, आणि कप्सने कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगणाऱ्या लिसन ओळीत सर्व्हरचा आयपी लिहिलेला असेल पण तो आयपी राउटरकडून यायचा असेल, तर कप्सला त्या क्षणी तो आयपी मिळत नाही आणि ती नेटवर्कवर ऐकतच नाही. सर्व्हरला आयपी स्टॅटिक (कायमचा ठरवलेला) द्या, राउटरच्या भरवशावर नको.

फोनवरून प्रिंट सध्या बंद आहे. आयफोनला कप्स एअरप्रिंटच्या (ॲपलची फोनवरून छापायची पद्धत) जाहिरातीत युजरनेम पासवर्ड लागेल असं सांगू शकते आणि तो विचारतो पण, पण त्यासाठी अवाही नावाची सर्व्हिस चालू करून सर्व्हरची दवंडी सगळ्या नेटवर्कवर पिटावी लागते, शिवाय स्टाफचे बहुतेक फोन अँड्रॉइड, त्यांच्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हेडसर विचारतायत. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत बघते म्हटलंय, तोपर्यंत व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ क्लार्ककडे पाठवायची आणि ती त्याच्या नावावर छापली जाणार, हे त्यालाही सांगून ठेवलंय. त्याने वही घातली आहे, कुणी पाठवलं त्याची सही घेतो.